चुलवाणाच्या तोंडाशी

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ आपले जळण आपणच तयार करते. घाण्यातून रस निघतो तशी चिपाडे बाहेर पडतात, उन्हात पसरून वाळतात आणि पुढच्या आधणाच्या, म्हणजे रस आटवण्याच्या पुढच्या खेपेच्या, काहिलीखाली जातात. घाण्याच्या मोटारीला लागणारी वीज सोडली, तर बाहेरचे इंधन आणावेच लागू नये अशी ही मूळ रचना आहे. राख शेतात जाते. पर्यावरणस्नेही उद्योगाचे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको, असे इथे उभे राहिले की वाटते. मात्र धुराड्याकडे मान वर करून पाहिले की प्रश्न पडतो: धूर इतका काळा का?

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मधल्या काळात घाण्याचे बैल गेले, इंजिन आले, मग मोटार आली. चुलवाण त्या मानाने फार थोडे बदलले. जमिनीत खोदलेली भट्टी, वर काहील, एका अंगाला जाळ घालण्याचे तोंड आणि दुसऱ्या अंगाला धुराडे.

गूळ करणे म्हणजे मुख्यतः पाणी उडवणे. उसाच्या रसात चार हिस्से पाणी असते आणि गूळ होईल असा ऐवज जेमतेम एक हिस्सा. पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. रस ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत जाळ चालू ठेवावा लागतो. त्यात घाण्यातून आलेल्या ओल्या चिपाडांचे निम्मे वजन पाण्याचेच असते. नीट न वाळलेली चिपाडे आधी स्वतःचे पाणी उडवतात, मग रसाचे.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी चार काहिलींच्या एका पारंपरिक भट्टीचा उष्णतेचा ताळेबंद मांडला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चिपाडांतून मिळालेल्या उष्णतेपैकी गुळासाठी प्रत्यक्षात गरज होती फक्त २९ टक्क्यांची. उरलेल्यातला मोठा वाटा धुराड्यावाटे आणि भट्टीच्या भिंतींतून निघून जात होता. कोल्हापुरी पद्धतीत बहुधा एकच मोठी काहील असते. त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तिथे तर काहिलीखालून निसटलेली धग झेलायला पुढे दुसरी काहीलही नसते.

या अभ्यासातली खरी मोलाची गोष्ट त्यानंतरची आहे. संशोधकांनी धुरातला प्राणवायू मोजला. एकदम भारेच्या भारे आत ढकलले की हवा कमी पडते, चिपाड अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. मग ढीग जळून बसतो, हवा गरजेपेक्षा जास्त आत येते आणि उष्णता घेऊन धुराड्यातून जाते. म्हणून जाळ घालण्याची गती त्या प्राणवायूच्या मापावर बेतली. एक किलो गुळामागे जळणारी चिपाडे २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आली. एका आधणात २०० किलो गूळ निघतो असे धरले, तर १३२ किलो चिपाडे वाचली. तीही भट्टी न मोडता, केवळ जाळ घालण्याची पद्धत बदलून.

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने काहिलीकडे लक्ष दिले. तळाला खालच्या बाजूने धातूच्या समांतर पट्ट्या बसवल्या, म्हणजे जाळाला भिडणारा पृष्ठभाग वाढला. दोन काहिलींच्या भट्टीवर या बदलाने जळणात ३१ टक्क्यांहून अधिक बचत नोंदवली गेली. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला समजावून सांगता येईल असे हे काम आहे.

ही बचत केवळ हिशेबापुरती नाही. चिपाडे पुरली नाहीत की गुऱ्हाळमालक लाकूड आणतो आणि काही ठिकाणी टायर, प्लास्टिकचा कचराही भट्टीत जातो. चिपाडातला कार्बन उसाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. टायरचे तसे नाही, आणि त्याचा विषारी धूर शेजारच्या वस्तीत उतरतो. पुरेशी कोरडी चिपाडे हाताशी असली तर टायरची वाट बंद होते. चिपाडे उरली तर विकताही येतात, कारण कागद कारखान्यांना चिपाड लागते. अवकाळी पाऊस येतो तेव्हा उघड्यावरचा ढीग भिजतो, म्हणून साठ्यावर पत्र्याची शेड घालणे हा गुऱ्हाळाच्या खर्चातला पहिला खर्च असायला हवा.

गुळाच्या रंगाचा प्रश्न निराळा. रानभेंडीचे खोड ठेचून पाण्यात भिजवले की चिकट द्रव सुटतो. तो रसात घातला की मळी वर येते आणि झाऱ्याने काढता येते. पिवळाधमक गूळ मिळवण्यासाठी याऐवजी किंवा याच्या जोडीला हायड्रॉस हे गंधकयुक्त रसायन वापरले जाते. त्यातून गुळात उतरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला ७० पीपीएमची मर्यादा आहे. काळसर गुळाला भाव कमी, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि ती एकट्या गुऱ्हाळाच्या आवारात सुटणारी नाही.

जळणाचे मात्र आवारातच सुटते. त्यासाठी चुलवाणाच्या तोंडाशी बसणाऱ्या माणसाला तासन्‌तास, आगीच्या झळा सोसत, थोडी-थोडी चिपाडे सतत घालत राहावे लागेल. आज गूळ उतरवणाऱ्या गुळव्याच्या कसबाला मान आणि पैसा दोन्ही मिळतात. जाळ सांभाळणाऱ्याच्या कामाची गणना साध्या मजुरीत होते. वाचलेल्या चिपाडांच्या पैशातला काही वाटा त्याच्या हाती द्यावा आणि तोंडापाशी उष्णता अडवणारी एक भिंत बांधावी, एवढा बदल येत्या हंगामातच करता येण्याजोगा आहे.