पडदा किती विती रुंद?

एखादा भव्य चित्रपट लागला की घरोघरी एक वाद हमखास होतो. मुलांना तो आयमॅक्ससारख्या मोठ्या पडद्यावर पाहायचा असतो. वडील म्हणतात, "तेवढ्या पैशांत साध्या चित्रपटगृहाची दोन तिकिटे येतील. आणि चार महिने दम धरलात तर तोच चित्रपट घरी टीव्हीवर दिसेल. नट तेच, गोष्टही तीच!" हा वाद आवडीनिवडीचा आहे असे वाटते खरे, पण त्यातला बराच भाग चक्क मोजता येतो. मोजण्याचे साधन तुमच्या हातातच आहे.

हात समोर ताठ धरा आणि अंगठा व करंगळी ताणून वीत पसरा. ही वीत तुमच्या डोळ्याशी सुमारे २० अंशांचा कोन करते. लहान मुलाची वीत लहान असते, पण त्याचा हातही आखूड असतो. त्यामुळे कोनात फारसा फरक पडत नाही. आता घरी नेहमीच्या जागी बसून टीव्हीचा पडदा या वितीने मोजा. ४३ इंची संचाचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो ३ मीटरवरून पाहिला तर १८ अंशांचा कोन होतो. म्हणजे पुरती एक वीतसुद्धा नाही!

चित्रपटगृहात काय होते? समजा, साधा पडदा १२ मीटर रुंद आहे आणि तुम्ही त्यापासून १८ मीटरवर बसला आहात. कोन भरतो ३७ अंश, म्हणजे जवळजवळ दोन विती. तुम्ही २४ मीटरवर, अगदी मागच्या रांगेत बसलात तर तो २८ अंशांवर येतो. आता १५ सेंटिमीटर लांबीचा मोबाइल आडवा करून डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरा. इथेही कोन २८ अंशच! १२ ला २४ आणि १५ ला ३० ही गुणोत्तरे सारखीच आहेत, तेव्हा आश्चर्य वाटायला नको. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मागच्या रांगांचे तिकीट अधिक महाग असते. जादा पैसे मोजून आपण पडदा लहान करून घेतो, असे भूमितीला म्हणता येईल.

याउलट २२ मीटर रुंदीच्या मोठ्या पडद्यापासून २० मीटरवर बसलात, तर कोन ५८ अंशांचा होतो. म्हणजे जवळजवळ तीन विती.

कोन वाढल्याने बिघडते काय आणि साधते काय? तुम्ही स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत बसला आहात आणि शेजारच्या रुळावरची गाडी हलू लागते. क्षणभर आपलीच गाडी सुटली असे वाटते ना? खिडकीभर पसरलेले दृश्य सरकू लागले की आपणच सरकतो आहोत, असा निष्कर्ष मेंदू काढतो. नेत्रपटलाच्या कडेच्या भागाला बारकावे नीट दिसत नाहीत, पण हालचाल मात्र चटकन कळते. वीतभर पडदा या कडेपर्यंत पोचतच नाही. तिथे कपाट, खिडकी, भिंतीवरचे घड्याळ सगळे स्थिर दिसत असते. तीन विती रुंद पडद्यावर विमान कड्यावरून खाली झेपावले की पोटात खड्डा पडतो तो यामुळेच. कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र 'आपण खुर्चीतच आहोत' असे सांगत असते. काहींना मळमळते ते या भांडणापायी.

मग साधीच फिल्म मोठ्या पडद्यावर पसरून दाखवली तर? इथे डोळ्याची सूक्ष्म पाहण्याची शक्ती आड येते. एका अंशाचे साठ भाग केले तर एका भागाला एक मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. म्हणजे १८ अंशांच्या टीव्हीवर आडव्या रेषेत १८ × ६० = १०८० बिंदूच आपल्याला वेगळे ओळखता येतील. साध्या एचडी संचावर एका ओळीत १९२० बिंदू असतात, ४के संचावर ३८४०. तेव्हा ३ मीटरवरून पाहणाऱ्याला ४के संचातले जादा बिंदू दिसतच नाहीत. (दुकानात आपण तो हातभर अंतरावरून पाहतो, ही गोष्ट वेगळी! रंग आणि तेज यांत नवा संच सरस असू शकतो, तेही वेगळे.) पण ५८ अंशांच्या पडद्याचा हिशेब करा: ५८ × ६० = ३४८०. तिथे २०४८ बिंदूंचे चित्र धूसर वाटेल आणि ४०९६ बिंदूंचे जेमतेम पुरेल. पडदा मोठा करायचा तर मूळ चित्रातच तेवढा तपशील हवा.

कॅनडातल्या ग्रॅम फर्ग्युसन, रोमन क्रॉइटर, रॉबर्ट कर आणि विल्यम शॉ या मंडळींना हेच कोडे सोडवायचे होते. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात अनेक प्रक्षेपक एकाच वेळी चालवून मोठी दृश्ये दाखवली गेली होती. पण इतकी यंत्रे एका तालात ठेवणे फार कटकटीचे होते. त्यापेक्षा एकच यंत्र आणि एकच प्रचंड चौकट बरी, असे ठरले. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट सुमारे २२ × १६ मिलिमीटर असते. यांनी ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धावायला लावली, तेव्हा चौकट झाली सुमारे ७० × ४८ मिलिमीटर. क्षेत्रफळ नऊ पटींहून अधिक!

पण आता नवीच अडचण उभी राहिली. चलच्चित्रात दर सेकंदाला २४ चौकटी भिंगासमोर क्षणभर थांबून पुढे जातात. ३५ मिलिमीटर फिल्म त्यासाठी सेकंदाला ४६ सेंटिमीटर सरकते, ही मात्र १.७ मीटर. एवढी मोठी फिल्म सेकंदाला २४ वेळा झटके देऊन ओढली तर तिच्या कडेची भोके फाटणारच. सुटकेचा मार्ग सापडला ऑस्ट्रेलियात. रॉन जोन्स नावाच्या माणसाने अशी रचना केली होती की फिल्म ओढली न जाता तिच्यात एक लाट उठते आणि ती लाट पुढे सरकते. सुरवंट असाच चालतो. या लाटेने चौकट अलगद जागेवर येऊन बसते, आणि हवा शोषून घेऊन ती काचेला सपाट चिकटवून धरली जाते. शॉ यांनी ही कल्पना आयमॅक्सच्या प्रक्षेपकात उतरवली. १९७० साली जपानमधल्या ओसाका प्रदर्शनात पहिला आयमॅक्स चित्रपट 'टायगर चाइल्ड' दाखवण्यात आला, आणि १९७१ मध्ये टोरांटोला पहिले कायमचे चित्रपटगृह सुरू झाले. या मापाने २०२३ सालच्या 'ओपनहायमर' या तीन तासांच्या चित्रपटाची फिल्म सुमारे १८ किलोमीटर लांब भरली!

आपल्याकडचा 'शोले' (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. त्याची '७० एमएम' ही जाहिरात अनेकांच्या आईवडिलांना अजून आठवत असेल. प्रत्यक्षात त्याचे चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले होते, नंतर ७० मिलिमीटरच्या प्रती काढल्या गेल्या. लहान फोटो मोठा करून घेतला म्हणून त्यात नवे बारकावे येत नाहीत, तसेच हे. पण मोठ्या चौकटीतून प्रकाश भरपूर जातो, आणि त्या प्रतींवर ध्वनीसाठी सहा पट्टे असत. तेव्हा प्रेक्षकांना जे मिळाले ते खोटे नव्हते.

आज बहुतेक आयमॅक्स पडद्यांवर फिल्म नसून डिजिटल प्रक्षेपण असते. नाव एक असले तरी सगळे पडदे सारख्याच आकाराचे नसतात. म्हणून तिथेही वीत पसरून पाहावी.

घरचीही एक बाजू आहे. त्याच ४३ इंची ४के संचासमोर १ मीटरवर बसा. कोन होतो ५१ अंश, अडीच विती! बारकावेही पुरतात. शिवाय टीव्हीचा पडदा चित्रपटगृहाच्या पडद्याहून कितीतरी तेजस्वी असतो. अंधारात डोळ्यातली बाहुली विस्फारते म्हणून आपल्याला तिथला मंदपणा जाणवत नाही. उणे काय? एवढ्या जवळून नीट पाहायला एकालाच जागा मिळते, आणि जवळचे पाहताना डोळ्याच्या स्नायूंना सतत काम पडते. वीस मीटरवरचा पडदा पाहताना ते सैल असतात. शिवाय खर्जातला आवाज घरी येत नाही. ३० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ११ मीटरहून अधिक असते, आणि ती जोरकसपणे उठवायला पुष्कळ हवा हलवावी लागते. टीव्हीच्या पाठीवरच्या तळहाताएवढ्या कर्ण्याला ते झेपत नाही. माझे मत विचाराल तर घरातल्या माणसांच्या गप्पांचा चित्रपट मी खुशाल घरी पाहीन. डोंगर, समुद्र किंवा अंतराळ असेल तर मात्र पैसे मोजीन, आणि मधल्या रांगेच्या थोडे पुढचे तिकीट मागेन.

आपली वीत नेमकी किती अंशांची, हे वर्गात ताडून पाहता येईल. भिंतीवर मीटरपट्टी आडवी लावा आणि तिच्या मध्यासमोर बरोबर ३ मीटरवर उभे राहा. तिथून पट्टी १९ अंशांची दिसते. एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून, वितीत ती किती बसते ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी चित्रपटगृहात दिवे मालवण्यापूर्वी तो आकडा उपयोगी पडेल.