बर्फाच्या खंडावर कोण जाते?

तुमसर तालुक्यातील माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत घरी आला. सोबत त्याची आईही होती. मुलगा आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिक झालेला. नऊ वर्षे एका ठेकेदाराकडे जनरेटर आणि डंपर दुरुस्त करतो. त्याने छापून आणलेली एक जाहिरात माझ्यापुढे ठेवली. अंटार्क्टिकावरील भारतीय ठाण्यांसाठी कंत्राटी तंत्रज्ञ हवे होते. "गुरुजी, हे खरं असंल का जी? तिकडं तर शास्त्रज्ञ जातेत ना?" त्याचा हा प्रश्न संपतो न संपतो तोच आईने आपला प्रश्न विचारला, "आपल्यातलं कोणी जाते का जी तिकडं?"

दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. मुलाचा प्रश्न माहितीचा आहे. आईचा प्रश्न सामाजिक आहे. दोन्हींची उत्तरे शोधताना मला जे समजले ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे ठेवतो.

जाहिरात देणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. ती 1998 साली गोव्यात वास्को येथे स्थापन झाली आणि केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची स्वायत्त संस्था आहे. भारताचे ध्रुवावर जाणे मात्र त्याहून जुने आहे. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली तुकडी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभे राहिले. ते बर्फात गाडले गेल्यामुळे सोडावे लागले. 1989 मध्ये खडकाळ भूमीवर 'मैत्री' आणि 2012 मध्ये 'भारती' ही ठाणी सुरू झाली. उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्ड येथे 2008 पासून 'हिमाद्री' आहे, तर 2016 साली हिमाचलातील स्पितीत 'हिमांश' हे केंद्र उघडले.

भंडाऱ्याच्या धानकऱ्याला याच्याशी काय घेणे, असे कोणी विचारील. ध्रुवावरील बर्फात हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकून राहिलेले आहेत. तो बर्फ खोल कोरून काढला म्हणजे त्या काळचे हवामान वाचता येते. ध्रुवांवर होणाऱ्या बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, याचाही तेथे अभ्यास चालतो. वैनगंगेच्या काठी ज्याचे रोवणे पावसावाचून अडते, त्याचाच हा विषय आहे. त्याला तो कोणी समजावून सांगितलेला नाही, एवढेच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तिकडे शास्त्रज्ञ जातात हे खरे. पण शास्त्रज्ञ एकटे तिकडे जगू शकत नाहीत. मैत्री ठाणे समुद्राच्या कडेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. इंधन, धान्य, यंत्रांचे सुटे भाग हे सारे बर्फावर चालणाऱ्या साखळीच्या गाड्यांनी ओढून न्यावे लागते. ध्रुवीय हिवाळ्यात सूर्य काही आठवडे उगवत नाही. जहाज येत नाही, विमान येत नाही. अशा वेळी जनरेटर बंद पडला तर ऊब गेली, पाणी गेले, संदेशयंत्रणा गेली. म्हणून प्रत्येक तुकडीत डिझेल मेकॅनिक, जनरेटर चालविणारा, वाहनांचा वीजतंत्री, क्रेनचालक, वेल्डर, सुतार, बॉयलर सांभाळणारा, स्वयंपाकी, परिचारक अशी माणसे लागतात. केंद्र त्यांच्यासाठी वेळोवेळी जाहिरात काढून मुलाखती घेते. अनेक पदांना आय.टी.आय.चे प्रमाणपत्र आणि त्या कामाचा अनुभव पुरतो. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते. मग उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावर राहण्याचे शिक्षण मिळते. हिवाळी तुकडीतला माणूस वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ घराबाहेर राहतो. इस्रोच्या मंगला मणी यांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भारती ठाण्यावर 403 दिवस काढले.

दुसरी वाट पदवीधरांची आहे. नेट किंवा गेट उत्तीर्ण झालेल्यांना तेथे संशोधनवृत्ती मिळवून पीएच.डी. करता येते. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी काही महिने काम करण्याची संधी असते. विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील अध्यापकांकडूनही मोहिमेसाठी संशोधन-प्रस्ताव मागविले जातात. भूशास्त्र, भौतिकी, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी कोणताही विषय चालतो. आपल्या जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ही जाहिरात लागलेली मी पाहिलेली नाही. ती लावणे हे शिक्षकांचे काम आहे आणि त्याला खर्च येत नाही.

आता आईचा प्रश्न. 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया म्हणजे सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. पंत यांचा जन्म नागपूरचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण त्या औंधच्या राजघराण्यातल्या. मुत्सद्दी वडील, घरात पुस्तके, पुढे हवाई आणि लंडन येथे शिक्षण. हे मी उणे दाखविण्यासाठी सांगत नाही. धैर्य सर्वत्र असते. त्या धैर्याला लागणारी शिदोरी मात्र सर्वांच्या घरी नसते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 1942 साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. प्रयोगशाळा आणि कारखाना, दोन्ही दारे त्यांनी एकाच कागदावर ठोठावली.

त्यांतले एक दार आजही अर्धेच उघडे आहे. केंद्र सरकारच्या 1975 च्या आदेशानुसार, संशोधन करणाऱ्या किंवा त्याचे मार्गदर्शन करणाऱ्या शास्त्रीय पदांना, ती प्रथम वर्गाच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर असतील तर, आरक्षणातून वगळता येते. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आरक्षण आणि वरच्या पायऱ्यांवर सूट! उलट, पंचेचाळीस दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण ठेवावे, असा केंद्राचा जुना आदेश आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारने तो मान्य केला. तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक कंत्राटी जाहिरातीत राखीव जागा दाखविल्या आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर माहितीच्या अधिकारात विचारावे.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? त्याला काम येते, यात मला शंका नाही. अडले ते कागदावर. नऊ वर्षांच्या अनुभवाचे पत्र मागितले तेव्हा ठेकेदार हसला आणि "उद्या ये" म्हणाला. असे अनेक उद्या गेले. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी काढल्या, तर त्यात तीनच वर्षे निघाली. सहा वर्षांची मेहनत कोठेच लिहिलेली नव्हती. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत, काम संपल्यावर ठेकेदाराने सेवेचे प्रमाणपत्र द्यावे असे स्पष्ट होते. पण नियम कामगारापर्यंत पोहोचला नाही. मुलाखतीची तारीख निघून गेली.

आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या राबून जे केले त्याची नोंद गावाने ठेवली नाही. आज आपली शिकलेली मुलेही बिननोंदीची राबत आहेत. म्हणून माझे सांगणे साधे आहे. आय.टी.आय. झालेल्या मुलाने उमेदवारी कायद्याखालची उमेदवारी पुरी करून तिचे राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यावे. दरवर्षी अनुभवाचे पत्र लेखी मागावे. निधीचा क्रमांक पहिल्याच महिन्यात विचारावा. बँकेतून मजुरी घ्यावी. वस्तीतल्या वाचनालयात या कागदांची एक फाईल प्रत्येक तरुणासाठी ठेवली, तर तेही चळवळीचेच काम होईल.

त्या आईला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. "जातात" असे छातीठोकपणे सांगण्याइतकी नावे माझ्याजवळ नाहीत. मुलगा मात्र पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो आहे. या वेळी त्याच्या पिशवीत चार कागद आहेत, आणि पाचव्यासाठी आम्ही दोघे कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन आलो आहोत.