बायकांचा गुडघा वेगळा असतो का?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावांनाही नवी राहिलेली नाही. दवाखान्यात त्याविषयी विचारणारे वाढले आहेत आणि अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "डॉक्टर, बायकांसाठी वेगळा लेडीज गुडघा मिळतो म्हणे. पैसे जास्त पडतील, पण आईला तोच बसवू का?" विचारणारा मुलगा असतो. आई शेजारी पदर सावरत गप्प बसलेली असते. जास्तीच्या पैशांसाठी पतसंस्थेत अर्ज टाकायचे किंवा पाटल्या मोडायचे घरात बोलून झालेले असते. मी हाडांचा डॉक्टर नव्हे, पण रुग्णाला तिकडे पाठवणारा आणि परत आल्यावर महिनोन्‌महिने पाहणारा मीच असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. या शस्त्रक्रियेत अख्खा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग, जिथली कूर्चा झिजून गेलेली असते, तेवढाच थोडा तासतात. त्यावर धातूचे कवच बसते आणि मधे एका टणक प्लॅस्टिकची चकती येते. मांडीच्या हाडावरचे कवच बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचे असते. आज जे सांधे वापरले जातात त्यांतल्या बहुतेकांचे मूळ न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ पासून वापरलेल्या सांध्यात सापडते.

आता मुद्द्याकडे येऊ. बायकांचे हाड वेगळे असते का? असते, पण थोडेसेच. पुढून मागे मोजले तर सारख्याच मापाचे असलेले मांडीचे हाड बाईचे असेल तर ते आडवे मोजताना बहुधा काही मिलिमीटर अरुंद भरते. चपलेचे उदाहरण घ्या. नंबर सात म्हणजे लांबी ठरली, पण एकाचा पंजा रुंद असतो आणि दुसऱ्याचा निमुळता. शिवाय बायकांचे कटीर रुंद असल्यामुळे गुडघ्याची वाटी जरा जास्त तिरकी ओढली जाते.

कवच हाडापेक्षा रुंद पडले तर त्याची कड बाजूला डोकावते आणि भोवतालच्या मऊ भागाला घासते. लहान नंबर घ्यावा तर गुडघा वाकवल्यावर सैल पडण्याची भीती असते. ही अडचण कल्पनेतली नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ४३७ गुडघे शस्त्रक्रियेच्या वेळीच मोजले होते. कुठे ना कुठे तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कड बाहेर आलेली होती ती पुरुषांत शेकडा ४० आणि बायकांत शेकडा ६८ गुडघ्यांत. अशांना दोन वर्षांनंतरही गुडघा दुखण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट आढळली.

हीच अडचण हेरून झिमर या अमेरिकन कंपनीने २००६ साली खास बायकांसाठी म्हणून सांधा बाजारात आणला. तो आडवा अरुंद होता, पुढचा भाग पातळ होता आणि वाटीची खाच थोडी तिरकी होती. जाहिरातीही जोरात झाल्या. विचार सयुक्तिक होता यात शंका नाही. पण औषध असो की सांधा, विचार पटला एवढ्यावर भागत नाही, रुग्णाला गुण किती आला ते मोजावे लागते.

ते काम कोरियातल्या डॉक्टरांनी फार चांगल्या रीतीने केले. दोन्ही गुडघे बदलायचे होते अशा ८५ बायकांना त्यांनी एका पायात नेहमीचा आणि दुसऱ्या पायात बायकांसाठीचा सांधा बसवला. बाई तीच, डॉक्टर तेच, फरक फक्त सांध्याचा. याहून चोख तुलना कुठली मिळणार? २०१० साली निष्कर्ष छापून आला. वेदना, चालणे, गुडघा वाकणे, रुग्णाचे समाधान, कशातच लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. नंतरच्या तपासण्यांचा सूरही साधारण असाच राहिला.

मग त्या डोकावणाऱ्या कडेचे काय? तिचे उत्तर लेडीज आणि जेंट्स अशा दोन खोक्यांत नाही. ठेंगणा, बारीक चणीचा पुरुष आणि उंचनिंच बाई आपण रोज पाहतो. आपल्याकडची हाडे तर पाश्चात्त्यांपेक्षा एकूणच लहान. म्हणून गरज आहे ती जास्त मापांची, आणि कंपन्याही पुढे त्याच वाटेने गेल्या. उदाहरणार्थ, २०१३ साली आलेल्या एका सांध्यात मांडीच्या हाडासाठी दहा नेहमीची आणि चार अरुंद अशी चौदा मापे होती. तेव्हा डॉक्टरांना विचारायचे ते हे, की माझ्या आईच्या हाडाला बसेल असे अरुंद माप त्या दिवशी टेबलाजवळ हजर असेल ना? 'लेडीज' या शब्दासाठी पाटल्या मोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्यापूर्वी कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १ लाख ५८ हजारांवर होती, ती ५४ हजार ७२० रुपये अधिक कर अशी खाली आली. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा आणि त्याच्या खोक्यावरचे कंपनी, माप व क्रमांक दाखवणारे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर त्याचा फार उपयोग होतो.

आता ज्याची जाहिरात कोणी करत नाही ते सांगतो. बायकांच्या शस्त्रक्रियेत खरा फरक पडतो तो उशिरामुळे. कॅनडात २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गुडघ्याची सारखीच मध्यम झीज असलेला एक पुरुष आणि एक बाई, दोघांनी तीच तक्रार त्याच शब्दांत वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे मांडली. पुरुषाला शस्त्रक्रिया सुचवली शेकडा ६७ डॉक्टरांनी, बाईला शेकडा ३३. हे तिकडचे. आपल्याकडे तर बाई डॉक्टरपर्यंत यायलाच दहा वर्षे लावते. भांगलण, धुणे, केर, चुलीपुढे उकिडवे बसणे चालूच असते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मावश्यांचे पाय तोवर धनुष्यासारखे वाकलेले असतात, गुडघा सरळ होत नाही आणि मांडीचा स्नायू दोरीसारखा झालेला असतो. असा स्नायू घेऊन टेबलावर गेलेल्या बाईला सांधा कितीही भारी बसवला तरी ती सावकाशच उठते.

याचा अर्थ गुडघा दुखला की कापा असा नाही. वजन उतरवणे, जमिनीवर बसणे टाळणे, मांडीचा व्यायाम आणि गरजेपुरते औषध यावर पुष्कळांचे वर्षानुवर्षे निभावते. पण रात्री झोपेतही ठणका लागतो, घरातल्या घरात भिंत धरावी लागते आणि या उपायांनी सहा महिन्यांत फरक नाही, अशी वेळ आली तर 'होईल तेवढे करते' म्हणून बसू नये. सांधा टिकेल का, ही शंकाही असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शंभरातले सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षांनंतरही चालू असल्याचा अंदाज निघाला.

तारीख ठरण्याआधी महिनाभर एक व्यायाम रोज करावा. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबावी. असे वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, किडलेला दात किंवा लघवीची जळजळ असेल तर आधी उपचार करावेत, कारण जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचतात. घरी कमोडची खुर्ची आणि उंच पलंग आधीच आणून ठेवावा. आणि निदान दीड-दोन महिने स्वयंपाक, धुणे, गाई-म्हशी कोण पाहणार, हे मुलांनी व सुनांनी आईसमोर बसून ठरवावे. ते ठरलेले नसेल तर आई दहाव्या दिवशी ओट्यापाशी उभी राहते, हे मी फार वेळा पाहिले आहे.