दुमजली पलंग आणि भिंतीतली रांगोळी

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं आई काचीगुड्याच्या जुन्या घरात एकटी राहिली. देऊळ जवळ, भाजी जवळ, मैत्रिणी जवळ, असं तिचं म्हणणं. मग एकदा जिन्यात पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण तिचा हट्ट मोडला. आमच्याकडे मियापूरला येऊन राहायचं ठरलं आणि आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं गणित नव्याने मांडायची वेळ आली.

मुलांची खोली १० बाय ११ फुटांची. त्यात आईची खाट आणि मुलांचे दोन पलंग मावणं शक्य नव्हतं. म्हणून दुमजली पलंग. चिरंजीव आठ वर्षांचे, धाकटी साडेपाच. वर कोण झोपणार यावरून पलंग यायच्या आधीच रणकंदन झालं. निकाल मी दिला, पण तो माझा नव्हे: सहा वर्षांखालच्या मुलाने वर झोपू नये असं अमेरिकेतले आणि युरोपातले दोन्हीकडचे सुरक्षेचे नियम सांगतात. धाकटीने तेव्हापासून वाढदिवसापर्यंतचे दिवस मोजायला घेतले.

पलंग तीन खोक्यांतून आला. सोबतच्या पुस्तिकेत एक शब्द नाही, फक्त चित्रं. बायकोने विचारलं, "सुताराला बोलवायचं का?" मी बी.ई. आहे, तेव्हा उत्तर तुम्ही ओळखलंच असेल. "दोन तासांचं काम आहे," असं म्हणालो आणि साडेपाच तास लागले.

त्यातले दोन तास एकाच चुकीपायी गेले. प्रत्येक बोल्ट मी लावल्या लावल्या ॲलन कीने करकचून आवळत गेलो. शेवटची आडवी पट्टी बसवायला गेलो तर भोकं जुळेनात, अर्ध्या सुताचा फरक. मग सगळे बोल्ट सैल केले, पलंग हाताने हलवून सरळ केला आणि सगळं पुन्हा आवळलं. तेव्हा आधी सगळे बोल्ट हाताने फिरतील इतकेच लावा, चारही खांब स्पिरिट लेव्हलने बघा आणि मगच आवळा. दुसरी गंमत लाकडाच्या आत आडव्या बसणाऱ्या गोल नटाची. त्याच्या टोकावर स्क्रू ड्रायव्हरची खाच असते आणि ती बोल्टच्या दिशेला फिरवली की आतलं भोक समोर येतं. हे कळेपर्यंत मी त्या नटाला बरंच काही बोललो, आणि ते मुलांनी ऐकलं.

पलंग उभा राहिल्यावर माझी नजर वर गेली. पंखा! खोलीची रुंदी १० फूट, पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३ फुटांवर. आणि पलंगाची रुंदी चौकटीसकट सव्वातीन फूट. म्हणजे पातं पलंगाच्या कडेवरून तीन इंच आत फिरत होतं. वरची गादी जमिनीपासून जवळजवळ ५ फुटांवर, मुलगा ४ फुटांचा, पाती साडेआठ फुटांवर. तो गादीवर नुसता उभा राहिला तरी संपलं. परदेशातल्या पुस्तिकांमध्ये शिडी, कठडा, गादी सगळं असतं, पण आपल्या घरांतला छताचा पंखा त्यांच्या डोळ्यांपुढे क्वचितच असतो. कोणी म्हणालं, छोटा ६०० मिलिमीटरचा लाव. हिशेब केला, तरी टोक पलंगापासून नऊ इंचांवर, म्हणजे हात सहज पोचतो. शेवटी छताचा पंखा काढलाच आणि दाराच्या वर भिंतीवरचा पंखा लावला. आईच्या खाटेलाही त्याचा वारा लागतो.

गादीचंही तसंच. घरातली आठ इंची गादी वर टाकली तर अकरा इंचांच्या कठड्यातले तीनच इंच उरत होते. अमेरिकेच्या नियमात गादीच्या वर निदान ५ इंच कठडा हवा, युरोपच्या मानकात १६ सेंटीमीटर. चार इंची गादी आणली, सात इंच उरले.

आता मूळ मुद्दा, भिंत. पलंग भिंतीला बांधायचा तो शिडीवरून चढताना मुलाचं वजन बाहेरच्या बाजूला पडतं म्हणून, आणि मुलं खेळताना पलंगाला झोकांड्या बसतात म्हणून. त्यासाठीच्या लोखंडी पट्ट्या खोक्यात नव्हत्याच. कंपनीला फोन केला तर "ते वेगळं घ्यावं लागतं सर" असं उत्तर मिळालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून एल आकाराच्या तीन पट्ट्या, रॉल प्लग आणि स्क्रू आणले, ड्रिलने भोकं पाडली, स्क्रू घट्ट बसले. मी हात झटकले. त्या रात्री मुलगा वर झोपला, धाकटी खाली रुसून झोपली.

पाचव्या दिवशी सकाळी आई केर काढत होती. म्हणाली, "अरे, इथे रोज रांगोळी कुठून पडते?"

पलंगामागे फरशीवर पांढऱ्या भुकटीची बारीक रेघ होती. मी वरचा कठडा धरून ओढला. फार जोर लावला नव्हता. प्लगसकट पट्टी बाहेर आली, भोकातून पीठ सांडलं, आणि पाठोपाठ दुसरीही आली. आई माझ्याकडे बघत होती, काही बोलली नाही. चार रात्री माझा मुलगा या पलंगावर माझ्या शब्दावर झोपला होता. त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही हे सांगायला नको.

काय चुकलं ते संध्याकाळी नीट बघितलं. आमच्या भिंती विटांच्या नाहीत, एएसी ब्लॉकच्या आहेत. हल्लीच्या बहुतेक नव्या इमारतींत तेच असतात. सिमेंटच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू सुटून ते इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग वाफेच्या दाबाखाली पक्कं करतात. ब्लॉक इतका हलका की पाण्यावर तरंगतो. इमारतीसाठी उत्तम, पण साध्या रॉल प्लगला त्यात पकड मिळत नाही. त्यात मी ड्रिलचा हॅमर चालू ठेवला होता, म्हणजे भोक आतून आणखी मोठं झालं. आणि तिसरं, खाली स्कर्टिंगच्या टाइलमुळे पलंगाचा खांब भिंतीपासून १२ मिलिमीटर पुढे होता. ती फट तशीच ठेवून मी पट्टी आवळली, म्हणजे स्क्रूवर चोवीस तास ताण. मुलगा वर चढला की तो थोडा थोडा उपसत होता.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "काचीगुड्याच्या भिंतीत तुझ्या आजोबांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांना झोपाळ्याची कडी बांधली तरी हलल्या नाहीत." दोन फूट जाडीची दगडी भिंत ती. मी गप्प बसलो.

शनिवारी राणीगंजला गेलो. दुकानदाराला माझे प्लग दाखवले. त्याने दोन बोटांत धरून बघितले आणि म्हणाला, "ये गिट्टी नक्को भाई, निकल जाती." (आपला 'नको' इथल्या दखनीत असा दोन क आणि एक ओ घेऊन ऐटीत राहतो, दर वेळी बरं वाटतं.) त्याने एएसीसाठीचे लांब नायलॉनचे प्लग दिले आणि फुकट सल्ला दिला: कॉलम शोधा.

तोच सल्ला सगळ्यात मोलाचा. भिंतीवर ठोकत गेलो की आवाज बदलतो. खात्री मात्र ड्रिलच्या पहिल्या सेंटीमीटरमध्ये होते: तांबडी भुकटी म्हणजे वीट, पांढुरकी मऊ भुकटी म्हणजे एएसी, आणि करडी धूळ येऊन ड्रिल कुरकुरायला लागलं की काँक्रीट. (ज्यांच्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आहेत त्यांची सगळीच भिंत काँक्रीटची, त्यांनी ही शोधाशोध विसरावी.) आमचा कॉलम कोपऱ्यात निघाला. अख्खा पलंग दीड फूट सरकवून डोक्याकडचा खांब कॉलमवर आणला. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली वायरी असतात म्हणून ती रेघ सोडून दिली, तरी एमसीबी बंद ठेवून बॅटरीवरच्या ड्रिलने काम केलं. कॉलमला दोन पट्ट्या, तिथे हॅमर चालू. एका भोकात सळई लागली, भोक दोन इंच वर घेतलं. पायाकडे एएसीमध्ये एक पट्टी, लांब प्लगने, हॅमर बंद. जुन्या ढिल्या भोकांपासून चांगलं लांब. भोकातली धूळ सायकलच्या पंपाने काढली. आणि खांब व भिंत यांच्यामध्ये १२ मिलिमीटर जाडीचे प्लायचे तुकडे.

या वेळी मुलांना वर पाठवण्याआधी तपासलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा कठड्याला अडकवून ४० किलोपर्यंत ओढलं. आधी पट्ट्यांच्या कडेने भिंतीवर पेन्सिलच्या रेघा मारल्या होत्या. तिन्ही ठिकाणी रेघ जागची हलली नाही. आईने तरी दुसऱ्या दिवशी केर काढताना चष्मा लावून पलंगामागे बघितलं. अजून रोज बघते.

नवीन लाकूड सुकतं, बोल्ट सैल होतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे पुन्हा आवळायचे असं ठरवलं आहे. चिरंजीव बोल्ट मोजतात, मी फिरवतो. पहिल्या वेळी पाच बोल्ट सैल निघाले, दुसऱ्या वेळी एक. गेल्या रविवारी मात्र काम खोळंबलं, कारण ॲलन की सापडेना. ती धाकटीच्या दप्तरात होती. मागितली तर म्हणाली, वाढदिवसाला अजून एकोणचाळीस दिवस आहेत, ते वीस करणार असाल तर देते.