बोरिवली-आरेच्या पाड्यांवरची औषधं: झाड नेमकं कोणतं, हे कळणं इतकं महत्त्वाचं का आहे?

पहिला पाऊस पडून गेला की बोरिवली, मुलुंड, ठाणे या स्टेशनांबाहेर शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. जंगलातून सकाळी आणलेले जांभळट-तपकिरी कोंब. विकणारी बाई जुडीसोबत बोराएवढी हिरवी, आंबट फळंही देते. ही काकडं. नवखं गिऱ्हाईक 'ती नकोत, नुसती भाजी द्या' म्हणतं आणि रात्री घसा खाजवत बसतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. काकडाच्या आंबट रसात शिजवल्यावर ही खाज उतरते.

शेवळ ही भाजी आहे, औषध नाही. पण मुंबईच्या उपनगरांतल्या आदिवासी पाड्यांवर जी झाडपाल्याची औषधं वापरली जातात, त्यांचंही असंच आहे. वनस्पतीचं नाव कळलं म्हणजे माहितीचा छोटा भाग कळला. कुठला भाग घ्यायचा, कधी तोडायचा, कशासोबत द्यायचा आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे उरलेलं सगळं नावात नसतं.

मुंबईत हे पाडे आहेत तरी कुठे?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. त्याच्या पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव आणि पूर्वेला मुलुंड, भांडुप. उद्यानाच्या हद्दीत नवापाडा, चुनापाडा, तुमणीपाडा असे पाडे आहेत. दक्षिणेला लागून आरे. तिथे 1949 मध्ये दूध वसाहत उभी राहिली, पण खांबाचा पाडा, केलटी पाडा यांसारख्या वस्त्या त्याआधीपासूनच्या, असं तिथले लोक सांगतात. आरेत असे एकूण 27 पाडे मोजले जातात. मरोळच्या बाजूचा प्रजापूरपाडा तर अंधेरीच्या कंपन्यांना जवळजवळ चिकटलेला आहे. राहणारे मुख्यतः वारली आणि मल्हार कोळी, शिवाय काही कोकणा आणि कातकरी कुटुंबं.

इथे औषध सांगणारे म्हणजे भगत, सुईण आणि घरोघरच्या म्हाताऱ्या बायका. स्टेशनबाहेर किंवा बाजारात जडीबुटीच्या पिशव्या मांडून बसणारे वैदू वेगळे. ती भटकी जमात, त्यांची मोठी वस्ती जोगेश्वरीत आहे. शहरातले लोक या दोघांना सर्रास एकच समजतात.

रोगाला नाही, लक्षणाला औषध

पाड्यावरचं औषध रोगाच्या नावाने ओळखलं जात नाही. ते खोकल्याचं असतं, मुरड्याचं असतं, तापाचं किंवा जखमेचं असतं. शरीर जे दाखवतं, त्यावर ते दिलं जातं. या पद्धतीची ताकद यातच आहे आणि तिची मर्यादाही यातच.

खोकल्यापासून सुरुवात करू. अडुळसा कुंपणाला लावतात, कारण गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पानं वाफवून रस काढायचा आणि मधात द्यायचा, ही रीत पाड्यांवरही आहे आणि कोकणातल्या घराघरांतही. त्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि ब्रोमहेक्सिनपासून अँब्रॉक्सोल. कफ पातळ करण्यासाठी केमिस्टकडून आणलेल्या बाटलीवर यांपैकी एखादं नाव हमखास सापडतं. म्हणजे अंधेरीच्या फ्लॅटमधलं सिरप आणि पाड्यावरचा रस लांबचे नातेवाईक आहेत. पण व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचं आकुंचनही वाढतं, त्यामुळे गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत. सोशल मीडियावर फिरणाऱ्या 'घरगुती उपायां'त नेमकी हीच ओळ गळालेली असते.

मुरड्याला कुडा. जुलाब, आव पडणं, पोटात कळ येणं यासाठी पांढऱ्या कुड्याच्या खोडाची साल उगाळून किंवा काढा करून देतात. आयुर्वेदात हाच कुटज, आणि कुटजारिष्ट, कुटजघन वटी आजही दुकानात मिळतात. गोंधळ असा की त्याच जंगलात काळा कुडाही असतो. दोघांची फुलं पांढरी, दोघांना चीक, दोघांच्या लांब शेंगा जोडीने लटकणाऱ्या. नीट पाहिलं तर पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन शेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं मात्र पिकेपर्यंत एकमेकींना चिकटलेली असतात. पांढऱ्या कुड्याच्या बिया कडू, म्हणून कडू इंद्रजव. काळ्याच्या बिया तितक्या कडू नसतात, म्हणून गोड इंद्रजव. मुरड्यावर उपयोगी अल्कलॉइडं पांढऱ्या कुड्यात असतात. सालींचे सुकलेले तुकडे समोर ठेवले तर ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. झाड उभं असताना, शेंगा लागलेल्या दिवसांत ते ओळखून ठेवावं लागतं.

साल काढण्याचीही पद्धत असते. खोडाभोवती पूर्ण गोल साल सोलली तर झाड मरतं. म्हणून एका बाजूची पट्टी काढायची आणि ती जखम भरू द्यायची. बाजारासाठी पोत्यांनी साल गोळा करणाऱ्याला इतका धीर नसतो.

मुरडशेंग तर नावातूनच बोलते. पिळलेल्या दोरीसारखी शेंग, आणि पोटात पिळ पडला की तीच उगाळून द्यायची. ज्या मराठी घरांत अजून बाळगुटी उगाळतात, तिथल्या डब्यात ती असते. दुकानातून पुडीत येते, त्यामुळे तिचं झुडूप बोरिवलीच्या जंगलातच आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

जखमेला दगडी पाला, म्हणजेच एकदांडी. पानं चुरगळून रस कापलेल्या जागी लावायचा. रेल्वेरुळांच्या कडेला, मैदानात, कुठेही उगवणारं हे पिवळ्या-पांढऱ्या फुलांचं रोप मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं आहे. भारतात ते बाहेरून आलं आणि लोकांनी ते वापरून पाहून औषधात घेतलं. 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द झाडपाल्याच्या प्रत्येक औषधाला लावले जातात, पण या एका रोपापुढे ते टिकत नाहीत.

ताप मात्र वेगळा

तापाला गुळवेल. पाड्यांवर तिचा काढा जुना आहे. कोविडच्या काळात तो अचानक सगळ्या शहराने प्यायला सुरुवात केली, रोज, महिनोन् महिने, 'इम्युनिटी'साठी. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. ते सगळे गुळवेल घेत होते. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर वाद पेटला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, दिसायला तशीच असणारी दुसरी जात असू शकते. डॉक्टर आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

गुळवेलीच्या खोडाची साल कागदासारखी पातळ आणि सुटणारी असते. तिच्या कुळातल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीच्या खोडावर मात्र फोडांसारख्या गाठी असतात. पानं दोघींची हृदयाच्या आकाराची. मोबाइलवर पानाचा फोटो पाहून गच्चीवरच्या भिंतीवरून वेल तोडणाऱ्याला खोड पाहायचं असतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. अर्थात ओळख बरोबर असली तरी प्रश्न संपत नाही. ताप असताना चार दिवस घ्यायची गोष्ट तब्येत ठणठणीत असताना सहा महिने रोज घेणं, हा वापर पाड्यावरचा नव्हे. तो पुरता शहरी आहे.

लक्षणावर चालणाऱ्या औषधाची मर्यादाही तापातच दिसते. खोकला आणि किरकोळ मुरडा बहुतेक वेळा आपणहून बरे होतात, औषध आराम देतं. पण मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो तिघेही सुरुवातीला 'अंग तापलंय, दुखतंय' एवढंच सांगतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर शहराने लेप्टोची मोठी साथ पाहिली. त्यावर साधी अँटिबायोटिक चालतात, मात्र ती वेळेत मिळावी लागतात. ताप दोन दिवसांत उतरला नाही, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा अंगावर लाल ठिपके आले, तर काढा बाजूला ठेवून रक्त तपासायला जायचं. तान्ह्या मुलाला जुलाब सुरू झाले तर कुड्याआधी मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टर. सर्पदंशाला पाला नाहीच, थेट रुग्णालय.

जंगल आहे, पण हात लावायचा नाही

राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती तोडायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. ही मनाई उद्यान वाचवण्यासाठी आहे आणि गरजेचीही आहे. पण तिच्यामुळे औषधापुरती साल काढणारी म्हातारी आणि पोत्यांनी नेणारा व्यापारी एकाच रांगेत उभे राहतात. दुसरीकडे 2006 चा वनहक्क कायदा औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर आणि जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर आदिवासींचा हक्क मान्य करतो. दोन्ही कायदे एकाच जंगलाला लागू आहेत.

पारंपरिक ज्ञान वाचवायला सरकारने काहीच केलं नाही, असं नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने दिलेली ती लढाई मराठी वाचकांना चांगली आठवते. त्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला. पण त्याचा आधार मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांचा. जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते त्यात कसं येणार?

शिवाय पाडेच हलताहेत. मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये आरेत 2,000 हून अधिक झाडं तोडली गेली. प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांची घरंही मेट्रोच्या कामात गेली आणि त्यांना इमारतींत खोल्या मिळाल्या.

जंगल सुटल्यावर औषधांचं काय होतं, याचं एक दूरचं उदाहरण आहे. लाओसच्या डोंगरांतले ह्मोंग आणि म्यानमारचे कारेन युद्ध आणि छळामुळे निर्वासित होऊन अमेरिकेत गेले. त्यातले अनेक मिनेसोटा राज्यात स्थिरावले, जिथे हिवाळ्यात सगळं बर्फाखाली जातं. तरी ह्मोंग बायकांनी बाळंतिणीला कोंबडीच्या रश्शात घालायची पानं सोडली नाहीत. उन्हाळ्यात परसात आणि थंडीत घरातल्या कुंड्यांत ती लावली. जी रोपं कुंडीत जगली, ती त्यांच्यासोबत राहिली.

इमारतीत गेलेल्या पाड्यांसमोरही तोच हिशेब आहे. अडुळशाची फांदी खोचली की लागते, गवती चहा आणि ओव्याचं पान खिडकीतल्या डब्यातही वाढतं, गुळवेल ग्रिलवर चढते. कुडा आणि मुरडशेंगेला मात्र जमीन लागते. पांढऱ्या कुड्याला फुलं उन्हाळ्यात येतात, शेंगा पुढे काही महिने झाडावर असतात. कान्हेरीच्या रस्त्याने चालत जाणाऱ्या कुणालाही त्या दिसतात, सुट्या की टोकाशी जोडलेल्या, एवढं पाहायचं.