कुर्डीच्या माई

उन्हाळ्यात साळावली धरणाचे पाणी ओसरले की सांगे तालुक्यातील बुडालेले कुर्डी गाव वर येते आणि विस्थापित कुर्डीकर सोमेश्वराच्या दर्शनास जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावी जन्मल्या. बालवयातच आईचे छत्र हरपले. १९३९ साली पती निवर्तले. पदरी तीन लहान मुले. अल्लादियाखाँसाहेबांची कष्टसाध्य विद्या आणि घरची चूल, दोन्ही माईंनी एकटीने सांभाळल्या. थोरल्या किशोरीताईंना शिकवताना ओळ एकदोनदाच गाऊन दाखवायची, पुढे मुलीने ती उचलायची! ही करडी शिस्त आम्हांस मायेचेच रूप वाटते. पद्मभूषण लाभले ते १९७४ साली. २००१ साली, ९६ वर्षांचे आयुष्य भोगून, माई गेल्या. माहेरचा गाव त्यांच्याआधीच पाण्याखाली गेला होता.