अग्निसुरक्षेचे नियम आणि आपलें शहर



गिरगांवांतील एखादी जुनी चाळ डोळ्यांपुढें आणा. तीन मजले, एकच लांकडी जिना, लांबलचक सज्जे, आणि वाडींत शिरावयास हातगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. येथें आग लागली तर माणसें उतरणार कोठून आणि बंब येणार कोठून? नियमांवर बोट ठेवून पाहिलें तर ही चाळ उभीच राहूं नये. परंतु ती पाडली तर तेथील बिऱ्हाडांनीं जावें कोठें? या पेंचांतून वाट काढणें, हा आजचा विषय.

आगीचे नियम बहुधा राखेंतूनच जन्माला येतात. १६६६ च्या सप्टेंबरांत लंडन शहर चार दिवस जळत राहिलें व तेरा हजारांवर घरें नष्ट झालीं. पुढील वर्षीं कायदा झाला कीं, घरें विटांचीं अथवा दगडांचींच बांधावीं. मात्र त्या कायद्यानें सर्वांना एकच माप लावलें नाहीं. लहान गल्ल्यांतील घरांना दोन मजले, हमरस्त्यांवरील घरांना चार, असे रस्ता पाहून वर्ग पाडले. आपल्या मुंबईंतहि १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांतील बाजारांत आग लागून तेथील वस्तीचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला, आणि त्यानंतर कोटाबाहेरची वस्ती झपाट्यानें वाढली.

आज आपल्या देशांत राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे. २०१६ सालच्या आवृत्तींत तिचा चौथा भाग अग्नि व जीवितसुरक्षेला वाहिलेला आहे. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत ती ‘उंच’ मानते आणि अशा इमारतीसमोरील रस्ता निदान बारा मीटर रुंद असावा असें सांगते. ही संहिता म्हणजे नमुना होय. स्थानिक नियमांत ती उतरविणें हें राज्याचें व नगरपालिकेचें काम. येथेंच विवेकाची कसोटी लागते. बारा हा आंकडा कांहीं मंत्राक्षर नव्हे. बंब उभा राहावा, शिडी उभारतां यावी, हा त्यामागील हेतु. हेतु अढळ ठेवावा. साधन मात्र गांव पाहून निवडावें.

मुंबईचीच परिस्थिति पाहा. समुद्राच्या खाऱ्या हवेनें लोखंड लवकर गंजतें; म्हणून कोरड्या गांवीं वर्षानुवर्षें टिकणारा बाहेरचा लोखंडी जिना येथें वारंवार तपासावा व रंगवावा लागतो. अनेक घरांत नळाला पाणी ठराविक वेळींच येतें; म्हणून आगीसाठीं राखून ठेवलेली स्वतंत्र टाकी हवी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा शहरांत आगीचा पंप सखल तळघरांत बसविला, तर ऐन पावसाळ्यांत तो पाण्याखालीं जाईल! पावसापासून बचाव म्हणून आपण सज्जे प्लास्टिकनें झांकतो. त्यानें धूर कोंडतो आणि आगीला खाद्य मिळतें.

आतां त्या चाळीकडे वळूं. गल्ली रुंद करणें शक्य नसेल, तर गल्लीच्या तोंडापासून वाडीच्या आंतपर्यंत एक कोरडी नळवाहिनी टाकावी, म्हणजे बंब बाहेर राहूनहि पाणी आंत पोहोंचेल. शेजारच्या इमारतीच्या गच्चीशीं सुटकेची वाट जोडावी. जुन्या विजेच्या तारा बदलाव्या, प्रत्येक मजल्यावर धोक्याची घंटा बसवावी, वाटेंत वाहनें ठेवूं नयेत. एका नियमांत सवलत घेतली, तर तेवढीच सुरक्षितता दुसऱ्या मार्गानें भरून द्यावी. सवलत ही देणगी नव्हे, ती अदलाबदल आहे. आणि ती अग्निशमन अधिकाऱ्यानें जागा पाहून, लेखी कारणें देऊन करावी, ओळखीपाळखीनें नव्हे.

कारण ‘स्थानिक परिस्थिति’ हा शब्द ढिलाईचें पांघरूणहि होऊं शकतो. २९ डिसेंबर २०१७ रोजीं कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली व चौदा माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेकांचा जीव धुरानें घेतला. गिरणीच्या जागीं भोजनगृहें आलीं, कीं धोकाहि बदलतो. नियम इमारतीच्या जुन्या नांवाला नव्हे, तर आजच्या वापराला लावावयास हवा.

शेवटीं, हें सारें केवळ सरकारचें काम नाहीं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें हा भार मालकावर व भोगवटादारावर टाकला आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनीं आगीचीं साधनें चालू असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र दरवर्षीं जानेवारींत व जुलैंत द्यावयाचें असतें. आपल्या संस्थेच्या चिटणिसांना तें दाखवावयास सांगा. आणि आज रात्रीं दिवे मालवून आपला जिना एकदां उतरून पाहा. जुनें कपाट, सायकल, कुंड्या जेथें पायाला लागतील, तेथेंच उद्यां कुणाची तरी वाट अडणार आहे.